दीडशे की एकशेऐंशी

परकारसाहेब चहा निवायच्या आत निर्णय घ्यायचे. दुबईतल्या आमच्या कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते चीफ एस्टिमेटर होते. एखादी इमारत बांधायला किती खर्च येईल याचा आकडा त्यांनी काढायचा आणि त्या आकड्यावर कंपनीने टेंडर भरायचं. बाकीचे लोक आठवडाभर कॅल्क्युलेटर बडवत बसत. परकारसाहेब ड्रॉइंग एकदा सुलटं, एकदा उलटं धरून बघत, खिडकीतून खाडीतल्या अब्रांकडे, त्या लाकडी होड्यांकडे, नजर टाकत आणि म्हणत, "वर पाच टक्के टाका. यल्ला, पाठवा." ऑफिसात त्यांचं नावच 'पाच टक्के' पडलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. अशा माणसाला मी नव्वदच्या दशकातली बहुतेक सगळी वर्षं एकाच प्रश्नावर अडकलेलं पाहिलं: गोळी दीडशे ग्रेनची घ्यावी की एकशेऐंशीची?

प्रश्न समजावा म्हणून आधी थोडी मांडणी करतो. मी परचेसमध्ये होतो, मांडणीशिवाय मला पुढे जाता येत नाही. बंदुकीत घालतो ते काडतूस. त्याला एक पितळी नळी असते, बुडाला टोपी, आत बारूद आणि तोंडावर शिशाची, तांब्याच्या कवचातली गोळी. ही सगळी सामग्री सुटी विकत घेऊन काडतूस स्वतः भरायचं, हा परकारसाहेबांचा छंद होता. बारूद किती घालायची याचं पुस्तक असतं, आणि त्यात लिहिलंय त्यापलीकडे ते कणभरही जात नसत. पण गोळी किती वजनाची घ्यायची हे पुस्तक सांगत नाही. ते म्हणतं, शिकार काय आहे, लांब किती आहे, तुमच्या बंदुकीला काय आवडतं, ते पाहून तुम्ही ठरवा. ग्रेन हे जुनं इंग्रजी वजन आहे. दीडशे ग्रेन आणि एकशेऐंशी ग्रेन यांतला फरक दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही. मी स्वतः गणित करून पाहिलं होतं. दोन ग्रॅमला अडलेला माणूस दोन कोटी दिऱ्हमचं टेंडर उभ्या उभ्या सही करून पाठवायचा, हे कोडं मला पहिल्या दिवसापासून होतं.

ही गोळी हवी होती हरणासाठी. आता हरीण कुठून आलं ते सांगतो. अमिरातीत बंदुकीने मारायला हरीण नाही. आमच्याच कंपनीत मॅक नावाचा एक स्कॉटिश साइट इंजिनिअर होता. शारजाच्या बाहेर एका नेमबाजी क्लबचा तो मेंबर होता आणि रायफल, परवाने, बारूद सगळं त्याच्या नावावर, क्लबच्या कुलपात असे. दर ऑक्टोबरात तो रायफल घेऊन भावाच्या गावी, स्कॉटलंडच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जाई. परकारसाहेब त्याच्याबरोबर शुक्रवारी क्लबवर जाऊन काडतुसं भरायला शिकले, निशाण साधायला शिकले. मॅक त्यांना दरवर्षी चला म्हणायचा आणि परकारसाहेब दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी इन्शाल्ला. अजून गोळी ठरायची आहे."

त्यांना हरीण हवं होतं ते वडिलांसाठी. अब्बा रायगड जिल्ह्यात, म्हसळ्याकडच्या एका गावात राहत. तरुणपणी ते पंचक्रोशीतले नामांकित शिकारी होते. पुढे कायद्याने शिकार बंद झाली आणि अब्बांनी एका दिवसात बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. कधी कुरकुर केली नाही. मात्र म्हातारपणी त्यांना एकच वेड लागलं होतं. जेवायला बसले की म्हणत, एकदा हरणाचं कालवण खायला मिळालं असतं. घरात कोणी कोंबडीचं करो, बकऱ्याचं करो, ते जेवत आणि हात धुताना तेच म्हणत. परकारसाहेबांनी ठरवलं होतं की जिथे शिकार कायद्याने चालते तिथे जाऊन आपण हरीण मारायचं आणि अब्बांना दुबईला बोलावून खाऊ घालायचं. हे त्यांनी मला पहिल्याच शुक्रवारी, क्लबकडे जाताना गाडीत सांगितलं होतं. त्यामुळे काय हवंय याबद्दल माझा गोंधळ कधीच नव्हता. गोंधळ होता तो, मग घोडं अडलंय कुठे याचा.

मी क्लबवर का जायचो? बंदुकीत मला काडीची गोडी नाही. पण मांडून ठेवलेलं टेबल बघायला मला आवडतं, आणि परकारसाहेबांचं टेबल बघण्यासारखं होतं. डावीकडे पितळी नळ्या लाकडी फळीच्या भोकांत उभ्या, मधे हाताने दाबायचा लोखंडी प्रेस, उजवीकडे तराजू. वजन करताना ते आधी घड्याळ काढत, मग एसी बंद करत. ऑगस्ट महिन्यात शारजाच्या वाळवंटात पत्र्याच्या खोलीत एसी बंद करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मॅक शिव्या देत बाहेर जाऊन उभा राही. मी घामाने थबथबून विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "तराजूला वारा कळतो, प्रधान. तुम्हाला कळला नाही तरी." आणि चिमट्याने एक गोळी उचलून पारड्यात ठेवत. चेहरा असा, की जणू झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवताहेत.

रायफलच्या आवडीनिवडीवर त्यांचा फार विश्वास. बंदुकीच्या नळीला आतून पीळ असतो, आणि अशा प्रत्येक नळीला एक वजन मानवतं, असं ते सांगत. मॅकच्या रायफलमधून दीडशेच्या पाच गोळ्या झाडल्या तर कागदावर त्या एका दिऱ्हमच्या नाण्याखाली झाकल्या जात. एकशेऐंशीच्या थोड्या पसरत, बशीएवढ्या म्हणा. मी म्हटलं, झालं की, रायफलनेच उत्तर दिलं. परकारसाहेब कागद हातात धरून उभे राहिले. चेहऱ्यावर आनंद नाही. म्हणाले, "रायफलला जेवायचं नाहीये ना."

एकदा मी त्यांचा प्रश्न माझ्या पद्धतीने सोडवायचा ठरवला. परचेसमध्ये तीन कोटेशन्स आली की आम्ही तुलनात्मक तक्ता करतो. मी तसाच केला. दीडशे, एकशेपासष्ट, एकशेऐंशी. समोर वेग, लांब गेल्यावर गोळी किती खाली येते, निशाण किती जुळतं, हरणावर परिणाम. शेवटचा रकाना मॅकला विचारून भरला. मॅकचं म्हणणं, दीडशेची गोळी वेगाने जाते, आत जाऊन फुलते, हरीण उभ्या जागी पडतं, पडायच्या आत मेलेलं असतं. एकशेऐंशीची संथ आणि दमदार, आरपार जाते, पण कधी कधी हरीण पन्नास-साठ पावलं पळून मग बसतं. त्याच्या मते दोन्ही चालतात, गोळी कुठे लागते ते महत्त्वाचं. तरी निवडायचीच तर दीडशे. मी दीडशेखाली लाल पेनने दोन रेघा ओढल्या आणि सोमवारी सकाळी तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो पूर्ण वाचला. मग दीडशेवर बोट ठेवलं.

"ही नको. ही फार चांगलं मारते."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. हरीण मारायची गोळी, ती चांगलं मारते म्हणून नापास? मग एकशेऐंशी घ्या, मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, ती मारायला वेळ लावते, तेवढ्यात जनावराने किती भोगायचं? मग मधली, एकशेपासष्ट? तर मधल्या गोळीत दोन्हींचे दोष येतात. मी तक्ता उचलून जागेवर परत गेलो. माझ्या नोकरीत अनेक तक्ते फेटाळले गेले, पण कारण न कळता फेटाळला गेलेला तो एकच.

त्यांच्या घरचं प्रकरण तर अजून निराळं. शारजाला, दुबईच्या हद्दीजवळ अल नहदातल्या एका टॉवरमध्ये ते राहत. बारूद घरी आणायची परवानगी नव्हती आणि त्यांनी कधी आणलीही नाही. पण नुसत्या गोळ्या, म्हणजे शिशाचे ते तुकडे, क्लबच्या लेखी परवानगीने ते घरी आणत आणि फुरसतीत वजनं करत. एका वर्षी रमजानच्या आधी जुबेदाभाभींनी घर आवरायला काढलं. आवरताना आपल्याकडच्या बायका काय करतात? अर्ध्या राहिलेल्या पुड्या, डबे, सगळं एकत्र करतात. तांदळाच्या दोन पिशव्यांची एक होते, तिखटाचे तीन डबे एकात रिकामे होतात. भाभींना कपाटात एकाच आकाराच्या गोळ्यांची सात अर्धवट खोकी मिळाली. जाडीने सगळ्या सारख्या, रंगाने सारख्या. त्यांनी त्या दूध पावडरच्या एका मोठ्या डब्यात ओतल्या, डबा हलवून नीट बसवल्या आणि खोकी कचऱ्यात दिली.

परकारसाहेबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मी ओळखला नाही. मला वाटलं, गावाहून वाईट बातमी आली. शुक्रवारी सकाळी मी तिथे पोचलो. हॉलमधे चटईवर डबा उपडा केलेला, पंखा बंद, एसी बंद आणि परकारसाहेब तराजूसमोर मांडी घालून. मी दुसऱ्या बाजूला बसलो, तीन वाट्या घेतल्या, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. ते वजन सांगत, मी वाटीत टाकत होतो. भाभी स्वयंपाकघराच्या दारात पदराने वारा घेत उभ्या होत्या.

"प्रधानभाऊ, तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीचं लग्न ह्यांनी एका फोनवर ठरवलं. एका फोनवर! आणि हे छर्रे बघा कसे मोजतायत."

"छर्रे नाहीत ते," परकारसाहेब मान वर न करता म्हणाले.

"तेच ते. निकाह लावा आता एकीशी. सगळ्या कुंवार बसल्यात."

मला हसू आवरेना. परकारसाहेब हसले नाहीत, पण त्यांच्या हाताला हसू आलं असावं, कारण तराजूचा काटा हलला आणि ती गोळी पुन्हा तोलावी लागली. दुपारपर्यंत वाट्या भरल्या. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या तक्त्यात चूक नव्हती. एवढंच. मी बर दुबई भागातल्या माझ्या घरी परत येईपर्यंत विचार करत होतो की मग चूक कशात होती.

उत्तर मिळालं ते अब्बा आल्यावर. त्या वर्षी सप्टेंबरात अब्बांना व्हिजिट व्हिसावर आणलं. त्यांचा छातीचा आजार बळावला होता आणि गावच्या डॉक्टरने परकारसाहेबांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या वर्षीचं काही धरून चालू नका. म्हणजे हरीण आणायचं तर ह्याच ऑक्टोबरात. मी भेटायला गेलो तर अब्बा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. बारीक, ताठ, पांढरी टोपी, डोळे पाण्याने भरल्यासारखे. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, अब्बा, तुम्ही किती वजनाची गोळी वापरत होता?

"वजन?" अब्बा म्हणाले. "शिसं वितळवायचं नि ओतायचं. वजन कोण करतो? गोळी कसलीबी असो, सुरी वेळेवर पोचली पाहिजे."

मग त्यांनी सांगितलं. गोळी लागून जनावर पडलं की अर्धं काम. त्यांचा एक दोस्त होता, नुसता पळायचा. गोळीचा आवाज झाला की हा सुरी घेऊन जाळीत शिरलेला. जनावरात जीव असताना बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली तर ते घरात यायचं. पोचायच्या आत जीव गेला तर तिथेच सोडायचं, कितीही मोठं असो. अब्बांनी आयुष्यभर हेच पाळलं होतं. मी परकारसाहेबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर टॉवर्सकडे बघत होते.

खाली गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी सगळं उलगडलं. एका मौलवींनी त्यांना सांगितलं होतं की बिस्मिल्ला म्हणून गोळी सोडली आणि जनावर तिनेच मेलं तरी चालतं. दुसरे म्हणाले होते, गोळी चिरत नाही, फोडते, तेव्हा सुरी हवीच. स्वतः परकारसाहेबांना पहिलं पटत होतं. पण खायचं होतं अब्बांनी, आणि अब्बांना दुसरं पटत होतं.

"हरीण पडायला पाहिजे, पण जायला नको," ते म्हणाले. "आणि मधल्या वेळात त्याला त्रास नको. आता सांगा, अशी गोळी किती ग्रेनची असते?"

माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. मला वाटायचं, ह्यांना मारायला चांगली गोळी हवी आहे. त्यांना हवी होती कमी मारणारी, पण दुखवणारी नाही. अशी वस्तू कुठलाच सप्लायर देत नाही. आणि तरी हा व्यवहारी माणूस ती इतकी वर्षं तराजूवर शोधत होता. मला त्या दिवशी सगळं समजलं आणि मी आधीपेक्षा जास्त गोंधळलो.

निघायच्या आधीच्या शुक्रवारी क्लबवर त्यांनी घड्याळ काढलं, एसी बंद केला, खुर्चीत बसले आणि कुठलीही गोळी न उचलता म्हणाले, "एकशेऐंशी. यल्ला." टेंडरवर बोलायचे तशाच आवाजात. मॅक दारातून डोकावून म्हणाला, का? परकारसाहेबांनी त्याला इंग्रजीत काहीतरी उत्तर दिलं. मला मात्र मराठीत म्हणाले, "पळालं तर शोधता येईल, प्रधान. मेलं तर काय शोधणार?" मग अर्ध्या तासात वीस काडतुसं भरून झाली.

स्कॉटलंडमधे काय झालं ते त्यांनी मला विमानतळावरून घरी जाताना सांगितलं. मागच्या सीटवर कागदपत्रं चिकटवलेली बर्फाची पेटी होती. पहिले दोन दिवस नुसता पाऊस आणि धुकं. तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगराच्या उतारावर एक नर दिसला. बिस्मिल्ला म्हणून गोळी सोडली. तो दचकला, दहा-पंधरा पावलं चालला, पळाला नाही, ओढ्याकाठी गवतात बसला. परकारसाहेब पन्नाशी उलटलेले, वजनदार गृहस्थ. ओल्या गवतातून दोनदा पडत, सुरी घेऊन तिथवर धावले. मॅक मागून ओरडत होता की हातात सुरी घेऊन पळू नका. हरणाची मान जमिनीवर होती. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी फिरवली.

"म्हणजे जमलं," मी म्हणालो.

त्यांनी मागे वळून पेटीचं झाकण नीट आहे का पाहिलं. सिग्नल हिरवा झाला तरी मी गाडी काढली नव्हती, मागचा हॉर्न वाजवायला लागला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जेवण होतं. भाभींनी खोबरं आणि कांदा भाजून वाटण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. घरभर वास होता. अब्बांना टेबलाशी बसवलं, गळ्याशी टॉवेल बांधला. मी त्यांच्या समोर. भाभींनी पहिलं ताट अब्बांपुढे ठेवलं. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले, आणि हात ताटाकडे नेता नेता थांबवला.

"सुरी फिरवलीस तेव्हा जीव होता?"

परकारसाहेब म्हणाले, "होता असेल, अब्बा."

"रक्त कसं आलं? उडालं का नुसतं वाहिलं?"

अब्बा वाट बघत होते. रागावलेले अजिबात नव्हते. एखाद्या एस्टिमेटचा आकडा विचारावा तसं विचारत होते. एका शब्दाचं काम होतं. 'उडालं' म्हटलं असतं की म्हातारा जेवला असता. माझ्या जिभेवर तो शब्द आला होता, जे मी पाहिलंच नव्हतं त्याबद्दल.

"मी डोळे मिटले होते," परकारसाहेब म्हणाले. "सुरी लावली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळं झालं होतं. मला नाही माहीत."

अब्बांनी हात मागे घेतला. टॉवेलला पुसला, खरं तर त्याला काही लागलेलंच नव्हतं. मग मुलाकडे बघितलं. मला वाटलं, आता काही बोलतील आणि ते परकारसाहेबांना जन्मभर पुरेल. त्यांनी ताट टेबलावरून दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवलं.

"ह्यांना वाढा," ते म्हणाले. "ह्यांच्यात चालतं."

मी भाभींकडे बघितलं, परकारसाहेबांकडे बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. शंका असलेली गोष्ट त्या घरात कोणी खाणार नव्हतं, परकारसाहेबही नाही. आणि टाकून देणं हे तर कुणाच्या मनातही नव्हतं. मी भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास तोंडात गेला आणि अब्बा टेबलावर कोपर टेकून पुढे झुकले.

"दाताला लागतं?"

लागतं, मी म्हणालो.

"रेषा लांब लांब? बकऱ्यासारखं सुटत नाही ना?"

नाही सुटत.

"आणि मागाहून? जरा तुरटसर?"

खरं सांगायचं तर मला चव कळत नव्हती. समोर एक म्हातारा माझ्या जबड्याकडे बघत होता आणि त्याच्या बाजूला त्याचा मुलगा ताटलीतल्या मिठाकडे. मी घास चावला, थांबलो आणि म्हणालो, हो, थोडं तुरट आहे. अब्बा मागे टेकून बसले. "नर होता," ते सुनेला म्हणाले, "जुना नर. चांगला होता." आणि त्यांनी स्वतःसाठी डाळ-भात मागितला. तो ते पोटभर जेवले. मला दुसऱ्यांदा वाढायला त्यांनीच सांगितलं.

उरलेलं मांस माझ्या फ्रीझरमधे आलं. घरी बायकोने, सुनीताने, हात लावायला नकार दिला, माझी मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स अ डिअर," आणि आठवडाभर आइसक्रीमसाठीसुद्धा फ्रीझर उघडेना. मी छोटी पाकिटं केली, वर तारीख घातली आणि मांडणी अशी बसवली की ते लवकर संपू नये. महिन्यातून दोनदा मी एक पाकीट भाभींकडे पोचवी आणि त्या कालवण करून पाठवत. अब्बा इथे होते तोवर दुपारी स्वतः फोन करून विचारत. नोव्हेंबरअखेर ते गावी परत गेले, तरी विचारत राहिले. शेजारच्या दुकानातून फोन लावत, ओरडून बोलत. आज मऊ होतं का? रस्सा दाट का पातळ? मी उत्तरं द्यायचो. परकारसाहेब पुन्हा क्लबवर गेले नाहीत. प्रेस, नळ्या, तराजू, तिन्ही वाट्या, सगळं मॅकला देऊन टाकलं. ऑफिसात मात्र पूर्वीसारखेच होते. पाच टक्के टाका, पाठवा. त्या संध्याकाळबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. वडिलांना खाऊ घालायचं एवढंच त्यांना हवं होतं, ते झालं नाही. पण मग अब्बा दर पंधरवड्याला कशाला इतके आनंदाने फोन करायचे, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मे महिन्यात अब्बा गेले. परकारसाहेब गावी जाऊन आले. आल्यावर पहिल्या शुक्रवारी माझ्या घरी बर दुबईला आले, दारातच विचारलं, "किती राहिलंय?" एक पाकीट राहिलं होतं. म्हणाले, काढा. माझी समजूत झाली की आज ते स्वतः खाणार. सुनीताने त्यांना पातेलं काढून दिलं आणि मुलीला घेऊन मीना बाजारात गेली. परकारसाहेबांनी बाह्या वर केल्या, कांदा चिरला, खोबरं भाजलं. भाभींना दोनदा फोन करून मीठ कधी घालायचं ते विचारलं. दोन तास लागले. मी मधे मधे मदत करू गेलो तर मला स्वयंपाकघराबाहेर काढलं.

मग एकच ताट वाढलं, माझ्यापुढे. स्वतः समोरची खुर्ची ओढून बसले. मी घास घेतला. मीठ थोडं जास्त झालं होतं, मिरची बेताची, मांस चिवट, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे खरोखरच तुरट.

"दाताला लागतं?" त्यांनी विचारलं.

"लागतं."

"रेषा?"

"लांब आहेत. सुटत नाही लवकर."

"आणि मागाहून?"

"तुरट आहे, परकारसाहेब."

त्यांनी मान हलवली. "मग बरोबर होतं," ते म्हणाले. काय बरोबर होतं, हरीण, गोळी, सुरी, की मिटलेले डोळे, हे मी विचारलं नाही. पातेल्याच्या तळाशी थोडा रस्सा राहिला होता. तो त्यांनी पातेलं तिरकं धरून, चमच्याने खरवडून, सगळाच्या सगळा माझ्या ताटात घातला.